दिवाळीची आरास आणि फराळ: आपल्या ओल्या हवेत या चुका टाळा

"अक्का, माप तर सगळं बरोबर घातलं होतं की! मग चिवडा मऊ का पडला?"

दिवाळीच्या आधी हा प्रश्न आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरी दरवर्षी येतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा: कंदिलाचा कागद रात्रीतून सुटला, काय करू? विचारणारीचं माप खरंच बरोबर असतं आणि सामानही चांगलं असतं. पण ती कृती कोरड्या हवेत बसवलेली असते, आणि आपण ती बेळगावात करतो.

बेळगाव अडीच हजार फुटांवर, घाटाच्या काठाला. ऑक्टोबरभर परतीच्या सरी येत राहतात, पहाटे दव पडतं, खानापूरकडं तर सकाळी धुकंच असतं. त्याच जिल्ह्यात अथणी-रायबागकडं हवा कितीतरी कोरडी. तिकडच्या वहिनींचा चिवडा उघड्या परातीत राहूनही कुरकुरीत असतो, आणि तीच कृती आपण केली की संध्याकाळपर्यंत पोहे मऊ पडतात. घरी केलेलं स्वस्त पडतं हे खरं, पण बिघडलं की दुप्पट खर्च होतो. म्हणून पैसे वाचवायचे तर आधी ओल सांभाळायला हवी.

चिवडा

पोहे भाजले गेले की नाही, हे आई कधी रंगावरून ठरवायची नाही. दोन पोहे बोटांत धरून कानाजवळ न्यायची आणि चुरायची. करकर आवाज आला तरच कढई उतरायची. नुसते मोडले, आवाज आला नाही, तर पुन्हा विस्तवावर. ही परीक्षा मी आजही करते आणि तिनं मला कधी फसवलेलं नाही.

पहिली चूक घाईची. मोठ्या आचेवर पातळ पोहे आकसतात, गोळा होतात, आणि आतली ओल आतच राहते. ऊन असेल तर दोन दिवस कडक उन्हात ठेवा. नसेल तर जाड कढईत दोन-दोन मुठी घेऊन मंद आचेवर 6-7 मिनिटं हलवत राहा. कंटाळवाणं काम आहे, पण याला दुसरा मार्ग नाही.

मात्र मऊ पडलेल्या चिवड्यात पोह्यांचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा दोष मिरची, कढीपत्ता आणि खोबऱ्याच्या कापांचा असतो. कढीपत्ता धुऊन तसाच फोडणीत टाकला तर तो वरून तडतडतो, पण देठाशी ओलाच राहतो. ही ओल डब्यात हळूहळू पोह्यांत उतरते. म्हणून कढीपत्ता आदल्या रात्री धुऊन सुती कापडावर पसरा. मिरच्या चिरून अर्धा दिवस वाळू द्या. फोडणीत मिरचीभोवतीचे बुडबुडे थांबेपर्यंत तळा. बुडबुडे येताहेत म्हणजे पाणी अजून आत आहे. कढीपत्त्याचं पान चिमटीत धरल्यावर काचेसारखं मोडलं पाहिजे. मीठ आणि पिठीसाखर फोडणीत घालू नका. फोडणी पोह्यांना लागल्यावर, वाफ गेल्यावर वरून भुरभुरवा.

आता खास आपल्याकडची चूक. "रात्रभर पसरून गार करा" असं जिथं तिथं सांगतात. बेळगावात हे करूच नका. सूर्य मावळला की हवा ओली होते आणि परातीतला चिवडा ती ओल ओढून घेतो. एक वर्ष माझा सगळा, तब्बल 2 किलोचा चिवडा असाच गेला. रात्री परातीत पसरून वर्तमानपत्र झाकलं, सकाळी हात घातला तर पोहे थंड आणि लिबलिबीत. तेव्हापासून चिवडा दुपारी 12 ते 3 च्या दरम्यानच करते, पंख्याखाली तासभर गार करते आणि ऊन आहे तोवर डबा बंद करते.

बिघडलाच तर टाकू नका. जाड कढई तापवून आच मंद करा आणि थोडा थोडा चिवडा 4-5 मिनिटं परता. वर तेल घालू नका. साखर असेल तर ती पटकन लाल होते, म्हणून हात थांबवू नका.

हात आखडता असेल तर चुरमुऱ्यांचा चिवडा करा. चुरमुरे, फुटाण्याची डाळ, शेंगदाणे आणि ठेचलेला लसूण, बस. चवीला कुठंच कमी नाही. चुरमुरे मात्र पोह्यांपेक्षा लवकर ओल धरतात, त्यामुळं पाहुणे येणार त्याच दिवशी करा.

चकली

चकलीचं नशीब गिरणीतच ठरतं. धुतलेलं धान्य बाहेरून कोरडं वाटतं, पण आत ओल असते. ते नीट भाजलं गेलं नाही तर पीठ गोळा होतं. तांदूळ 4 वाट्या, हरभरा डाळ 2, उडीद डाळ 1, मूग डाळ अर्धी, आणि धने-जिरे, हे आमच्या घरचं माप. सगळं वेगवेगळं भाजा. एकत्र भाजलं तर मूग करपतो आणि हरभरा डाळ कच्ची राहते. गिरणीवाल्याला सांगा, "गव्हावर दळू नका, तांदळावर किंवा डाळीवर दळा." गव्हाचं पीठ मिसळलं की चकली मऊ पडते.

तेलात चकली विरघळली तर मोहन जास्त झालं. उरलेल्या पिठात थोडी कोरडी भाजणी मळून घ्या. सोऱ्यातून पडतानाच तुकडे होत असतील तर पीठ कोरडं आहे. गरम पाण्याचा हात लावून परत मळा. एका वाटी भाजणीला पाऊण ते एक वाटी उकळतं पाणी लागतं. भाजणी किती भाजली आहे त्यावर ते कमी-जास्त होतं, म्हणून पाणी एकदम ओतू नका. बाहेरून लाल आणि आत मऊ झाली तर आच मोठी होती. तेलातले बुडबुडे शांत झाले की मगच झारा घाला.

तळलेल्या चकल्या गरम असताना डब्यात भरल्या की वाफेचं पाणी झाकणाला जमतं आणि परत चकलीवर पडतं. पूर्ण गार होऊ द्या, पण चिवड्यासारखंच, रात्रभर उघड्यावर नको.

लाडू, अनारसे आणि कुंदा

बेसनाचा लाडू टाळ्याला चिकटतो तो कच्च्या बेसनामुळं. सुरुवातीला बेसन जड, गोळ्यासारखं असतं. नंतर ते सैल होतं, कडेनं तूप सोडू लागतं आणि खमंग वास शेजाऱ्यांपर्यंत जातो, तिथं थांबायचं. गरम बेसनात साखर घातली तर ती वितळते आणि लाडू थाळीत बसतात, चपटे होतात. कोमट होऊ द्या. बसलेच तर थोडं बेसन कोरडंच भाजून, गार करून मिसळा आणि परत वळा.

अनारसा तेलात हसला, म्हणजे पसरून फुटला, तर गूळ जास्त झाला किंवा पीठ ओलं राहिलं. थोडी तांदळाची पिठी मिसळा. तांदूळ जुनाच घ्या, आणि तीन दिवस भिजवताना रोज पाणी बदला.

बाजारातला कुंदा किलोनं घेण्यापेक्षा पाहुण्यांपुरता घरी करता येतो. एक लिटर म्हशीच्या दुधाचा दीड वाटीच्या आसपास होतो. दूध निम्मं आटल्यावर दोन-तीन चमचे दही घाला म्हणजे कण पडतात. मग साखर घाला, पण त्यातली थोडी आधी लोखंडी कढईत लाल करून घ्या. तो तपकिरी रंग तिथून येतो. तळाला लागू दिलं तर तो करपटपणा कशानंच जात नाही, म्हणून शेवटची 20 मिनिटं तिथून हलू नका.

आकाशकंदील

कागद सुटण्याचं कारण बहुतेक वेळा खळ असते. जाड खळ लावली की कागद भिजतो, सुरकुततो, आणि वाळायला दोन दिवस घेतो. आपल्याकडं दोन कोरडे दिवस मिळतीलच असं नाही. दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात शिजवून खळ पातळच ठेवा आणि कागदाला न लावता कामटीला लावा, बोटानं, बारीक. कागद वर ठेवून फक्त दाबायचा, ओढायचा नाही. ओल्या कागदाला ओढलं की वाळल्यावर तो फाटतो. चिकटवायचं काम सकाळी दहाच्या आत सुरू करा म्हणजे दुपारचं ऊन मिळतं. खळीला किडे-मुंग्या लागू नयेत म्हणून काही घरांत मोरचूद घालतात. ते विष आहे. लहान मुलं हात लावणार असतील तर घालूच नका, आणि घातलं तर त्या भांड्यात पुन्हा स्वयंपाक नको.

कामट्या मोडत असतील तर रात्रभर पाण्यात भिजवा, मग वाकवा आणि सांगाडा पूर्ण वाळल्यावरच कागद लावा. ओल्या बांबूवर लावलेला कागद बांबू आकसताना ढिला पडतो.

दिवा 5 वॉटचा एलईडी पुरतो. जुना 60 वॉटचा पिवळा बल्ब कागद तापवतो, आणि कागदाला टेकला तर पेटवूही शकतो. आणखी एक, जे फार कमी जण करतात: वायर होल्डरपर्यंत सरळ वरून आणू नका. होल्डरच्या खाली थोडा झोल देऊन मग वर घ्या. पावसाचं पाणी वायरवरून ओघळत आलं तरी झोलापाशी थेंब होऊन खाली पडतं, होल्डरमध्ये शिरत नाही. जोडावर टेप गुंडाळा आणि कंदील पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या आत टांगा. सर आली की काढायला लागू नये, एवढा आत.

पणत्या आणि रांगोळी

खानापूरच्या मातीच्या पणत्या घ्या. गावातलीच माती, गावातलेच हात. नवी पणती आणल्या आणल्या तेल घातलं तर निम्मं तेल मातीच पिते. आधी 8-10 तास पाण्यात बुडवून ठेवा, मग सावलीत पूर्ण वाळवा. ओली राहिली तर वात तडतडते. तेल वाचवायचं असेल तर काचेच्या पेल्यात पाणी भरून वर दोन चमचे तेल सोडा आणि त्यावर वात तरंगती ठेवा. तेल संपलं की वात पाण्यात विझते.

रांगोळीचे रंग मिठात कालवून घरी करायची युक्ती हल्ली सगळीकडं दिसते. स्वस्त आहे, पण आपल्या अंगणात ती टिकत नाही. मीठ हवेतली ओल ओढतं आणि सकाळपर्यंत मोराची पिसं एकमेकांत मिसळलेली असतात. रंग पांढऱ्या रांगोळीतच मिसळा, किंवा चाळलेल्या बारीक वाळूत. सडा घातलेल्या जमिनीवर पांढरी रेघ छान धरते, ती आधी काढून घ्या. रंग मात्र जमीन सुकल्यावर भरा.

मुलांचा किल्ला

याबाबतीत मला कळकळीनं सांगायचंय. आपल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याची असते, दिवाळीला मोजकेच दिवस मिळतात. मुलं मग दोन दिवसांत किल्ला उभा करायला बघतात आणि तो ढासळतो. दगड, विटांचे तुकडे, पोती आणि चाळलेली लाल माती दसऱ्याच्या सुट्टीतच जमवून झाकून ठेवा. नुसत्या मातीचा ढीग रचू नका. आत दगड-विटा, त्यावर चिखलात बुडवलेलं पोतं, आणि त्यावर मातीचा पातळ थर द्या. जाड थर वाळताना तडकतो. तडा गेलाच तर कोरडी माती भरू नका. तडा आधी पाण्यानं ओला करून मग चिखल दाबा.

गवतासाठी मोहरी किंवा नाचणी पेरतात, पण ती आदल्या दिवशी टाकून काही उगवत नाही. वसुबारसेच्या 5-6 दिवस आधी पेरा, आणि उभ्या कड्यावर न टाकता सपाटीवर टाका. पाणी हातानं शिंपडा, तांब्यानं ओतलं तर बी वाहून खाली येतं.

आणि दरवर्षी रायगडच कशाला? येळ्ळूरचा राजहंसगड आपल्या उशाला आहे, खानापूरच्या रानात भीमगड आहे. एका रविवारी मुलांना राजहंसगडावर घेऊन जा. दरवाजा कुठं, तट कुठून वळतो, हे वहीत काढून आणू दे. माझ्या भाच्यानं पाहून आल्यावर केलेल्या किल्ल्याला वाकडातिकडा का होईना, पण खरा तट होता. येणाऱ्या प्रत्येकाला तो बोट ठेवून सांगत होता, इथं आम्ही बसून भडंग खाल्लं.

दिवाळी झाल्यावर

तुळशीचं लग्न होईपर्यंत कंदील राहू द्या. मग दुपारच्या उन्हात उतरवा, बल्ब आणि वायर काढा, कागद फाडून टाका आणि कामट्यांचा सांगाडा दोन दिवस उन्हात वाळवा. ओला सांगाडा माळ्यावर टाकला तर पुढच्या पावसाळ्यात त्याला बुरशी येते आणि भुंगा लागतो. वाळलेला सांगाडा जुन्या धोतरात गुंडाळून, जमिनीला न टेकवता खुंटीला टांगा. आमचा सांगाडा असा 4 वर्षं टिकलाय. दर दिवाळीला नवा कागद तेवढा आणावा लागतो.