नाताळात पियानो सजवताना

दिवाणखान्यात पियानो असला की नाताळची सगळी सजावट त्याच्याच डोक्यावर जाते. जाऊ द्या, शोभतेही. फक्त आधी वर जाडसर कापड अंथरा. आमच्याकडे आजीची हिमरू शाल असते, संभाजीनगरची. तिच्यावर कडब्याच्या पेंढीतून केलेला गव्हाणीचा देखावा असा काही खुलतो की विकतचा गोठा फिका वाटावा.

पाण्याची फुलदाणी आणि पेटती मेणबत्ती मात्र पियानोवर अजिबात नको. पाणी सांडलं तर पॉलिशवर पांढरा डाग उठतो, आत झिरपलं तर पट्ट्या फुगून अडकतात. शेवंतीची फुलं शेजारच्या तिवईवर ठेवा. दिव्यांची माळ चिकटपट्टीने लावू नका, काढताना पॉलिश निघतं. सुतळीने पायांना सैल बांधा.

आणखी एक, जे वाजवायला बसल्यावरच कळतं: धातूच्या घंट्या नि काचेचे गोळे वर ठेवले तर खालच्या सुरांना ते झणझणतात. नेमकी कॅरल गाताना ती किणकिण फार खुपते. कापडी चांदण्या लावा. आपल्याकडची डिसेंबरची हवा आधीच कोरडी, त्यामुळे शेगडी किंवा हीटर पियानोजवळ ठेवू नका. लाकूड आकसतं, सूर उतरतात.