पासवर्ड तपासणारा कोड लिहिताय? या चुका टाळा

पायथन शिकणाऱ्याला पासवर्ड तपासायचा प्रोग्राम हमखास लिहायला देतात आणि दर बॅचला पोरं तीच चूक करतात. पासवर्डमध्ये अंक आहे का बघायला फॉर लूपमध्ये एकेक अक्षर घ्यायचं; अंक असेल तर 'सापडला'मध्ये ट्रू, एल्समध्ये फॉल्स. दिसायला ठीक. पण दर फेरीला आधीचं उत्तर पुसलं जातं आणि निकाल लागतो तो फक्त शेवटच्या अक्षरावर. 'राम१२' पास, '१२राम' नापास! पोरं शेवटी अंक असलेलाच पासवर्ड टाकून बघतात आणि 'सर, चालतंय' म्हणत लॅपटॉप मिटतात. ते एल्स उडवा, लूपच्या आधी एकदाच फॉल्स लिहा. 'एक तरी खरं आहे का' बघणारं एनी() फंक्शन वापरून हे एका ओळीत होतं, पण लूप कळल्याशिवाय मी ते वापरू देत नाही.

कॅपिटल अक्षर आहे का बघायला इजअप्पर() अख्ख्या स्ट्रिंगला लावू नका. एक जरी स्मॉल अक्षर असलं तरी फॉल्स येतं.

रेजेक्स (अक्षरांचा नमुना जुळवायचं सूत्र) कुठून तरी उचलून चिकटवू नका. कॅपिटल ए ते स्मॉल झेड अशी सरळ रेंज दिली की संगणकाच्या अक्षरक्रमात मधे येणारे अंडरस्कोर आणि चौकोनी कंससुद्धा 'अक्षरं' ठरतात.

आता माझं खरं दुखणं. एका पतसंस्थेच्या साइटवर नोंदणीच्या फॉर्मला मॅक्सलेंथ (जास्तीत जास्त अक्षरं) १६ होती, लॉगिनला मर्यादाच नव्हती. लांब पासवर्ड पेस्ट केला की ब्राउझर १६ वर कापायचा, ना एरर ना सूचना. लॉगिनला पूर्ण पासवर्ड टाकला की 'पासवर्ड चुकीचा'. रीसेट केला तरी तेच, कारण तो फॉर्मही नोंदणीचाच कॉपी-पेस्ट. अडकली कोण, तर पासवर्ड मॅनेजर ॲपमधले लांब पासवर्ड वापरणारी शहाणी माणसं; जन्मतारीखवाले आरामात आत! कापायचं नाही, लांब असेल तर तसं स्पष्ट सांगायचं. पासवर्ड गुप्त रूपात साठवणाऱ्या बीक्रिप्टची मर्यादा ७२ बाइटची, आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्राही वेगळ्या. म्हणजे २४ चिन्हांत खेळ खल्लास.

आणि कॅपिटल, अंक, चिन्ह हा हट्ट कशासाठी? गावाचं नाव, ऍटचं चिन्ह आणि पिनकोड जोडला की सगळे नियम पास. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने २०१७ मध्येच असले नियम लादू नका असं सांगितलं: किमान ८ अक्षरं, निदान ६४ पर्यंत तरी मुभा, आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी पडताळणी. ही पडताळणी मी सगळ्यात आधी लिहितो. मग अंक सुरुवातीला, मधे, शेवटी, शिवाय रिकामा आणि ६४ अक्षरी, एवढे पासवर्ड टाकून बघतो.