मुधोळ हाउंडचं पिल्लू घेताय? मग हे बघून घ्या

आधी आई-बाप बघा, नुसत्या पिल्लावरून फार काही कळत नाही. लांब निमुळतं डोकं, खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांब पाय; बरगड्या दिसल्या म्हणून उपाशी ठेवलंय असं समजू नका, ही जात बारीकच असते. मूळ दख्खनचं, कर्नाटकातल्या मुधोळ संस्थानच्या मालोजीराजे घोरपडेंनी ती जपली म्हणून हे नाव, कारवान पण म्हणतात. नजरेवर शिकार करणारा कुत्रा आहे, ससा पळताना दिसला की तुमच्या हाका त्याला ऐकूच येत नाहीत, त्यामुळे रस्त्यावर पट्टा अजिबात सोडू नका प्लीज, पण कुंपण असलेल्या जागेत रोज मनसोक्त पळू द्या. परक्याने हात लावलेला आवडत नाही, लहानपणीच माणसांची सवय लावा.