तागावरचा ठिपकेदार पतंग कसा ओळखावा

पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके असलेला हा पतंग उटेथेइसा वंशातला. तो दिवसाही उडतो, त्यामुळे पतंगांना उजेडाकडे बोलावायला रात्री दिवा आणि चादर लावून बसायची गरज नाही.

आधी झाड शोधा. अळी ताग आणि खुळखुळ्याची पानं, शेंगांतलं बी खाते. मराठवाड्यात हिरवळीच्या खतासाठी पेरलेला ताग फुलोऱ्याच्या सुमारास, साधारण ४५-५० दिवसांत गाडला जातो. मग त्या रानात हाती काही लागत नाही. त्यापेक्षा धुऱ्यावरचा, बालाघाटाच्या माळावरचा खुळखुळा बघा: पिवळी फुलं, फुगीर शेंगा, वाळल्या की आतलं बी वाजतं. गवतात शिरताना पायात बूट आणि हातात काठी हवीच, माळावर फुरसं असतं.

गवतातून सावकाश चाला. पतंग पायाजवळून उठतो, थोडं उडून पुन्हा गवतात बसतो. लोक इथेच चुकतात: उडताना पांढरा दिसला म्हणून पांढरंच काहीतरी शोधत राहतात. बसल्यावर तो पंख अंगाभोवती गुंडाळून बारीक नळीसारखा होतो, आणि वाळल्या गवतात नजर चुकवतो. कुठं उतरला त्या काडीवरच डोळा ठेवा आणि सावली अंगावर न पाडता जवळ जा.

पंख पसरल्यावर रुंदी ३ ते ४ सेंमी. पुढच्या पंखावर लाल डाग आणि काळे ठिपके आडव्या ओळींत. मागचा पंख पांढरा, कडेला वेडीवाकडी काळी किनार. मिशा दोऱ्यासारख्या, टोकाला गाठ नाही, म्हणजे फुलपाखरू नव्हे. खुळखुळ्यावरच आर्जिना नावाचा दुसरा पतंग भेटतो, पण त्याचे पंख नारिंगी आणि काळ्या ठिपक्यांभोवती पांढरं कडं असतं. तेवढं पाहिलं की घोटाळा होत नाही.

मोबाईलवर फोटो घेताना पांढरा पंख जास्त उजेडाने पांढराफटक येतो आणि लाल रंग फिका पडतो. मोबाईलच्या पडद्यावर दिसणाऱ्या पंखावर बोट टेकवून उजेड कमी करा. एक फोटो वरून, एक बाजूने, एक झाडाचा. मागचा पंख दिसला तर फारच उत्तम.

भारतात या वंशाच्या एकमेकींसारख्या दिसणाऱ्या एकाहून जास्त जाती आहेत. त्या खात्रीने वेगळ्या करायला जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात, म्हणून फोटोवरून नोंदीत नुसतं ‘उटेथेइसा’ लिहा. सोबत तारीख, गाव आणि झाडाचं नाव हवं.