लझानियाच्या पट्ट्या आणि पाण्याचा हिशोब

लझानिया म्हणजे पास्त्याच्या रुंद पट्ट्या, सॉस आणि चीज यांचे थर लावून ओव्हनमध्ये भाजलेला इटालियन पदार्थ. आम्ही इटलीत बोलोन्याला दोन वर्षं राहिलो. आमच्या घरमालकीण आजी रविवारी सकाळी हातभर लांब लाटणं घेऊन या पट्ट्यांसाठी ओट्याशी उभ्या राहायच्या. १०० ग्रॅम मैद्याला १ अंडं, आणि त्यात उकडून अगदी कोरडा पिळलेला पालक. त्या गावात म्हणतात की लाटलेली पोळी उजेडात धरली की तिच्यातून टेकडीवरचं सान लूकाचं देवालय दिसलं पाहिजे. एका पट्टीला तिथे ‘लझान्या’ म्हणतात, अनेक झाल्या की ‘लझान्ये’. पदार्थाचं नावच पट्टीवरून आलंय. आपल्याकडे मात्र सगळं लक्ष चीजवर असतं, आणि पट्टी कशी शिजली हे कुणी बघत नाही.

ठाण्याला परत आल्यावर मी पहिल्यांदा पाकिटातल्या पट्ट्यांचा लझानिया केला. वरून छान सोनेरी दिसत होता, पण कोपरे पापडासारखे कडक आणि मधला भाग पिठूळ. तेव्हापासून मी ट्रे भरण्याआधी एकच प्रश्न विचारते: या पट्टीला पाणी कुठून मिळणार आहे?

पट्ट्या तीन प्रकारच्या मिळतात. ताज्या पट्ट्यांत अंड्याचा ओलावा असतोच. त्यांना उकळत्या पाण्यात मिनिटभरही पुरतं. जाड, सुक्या पट्ट्या कडक गव्हाच्या रव्याच्या असतात (आपल्याकडे बन्सी रवा ज्या जातीच्या गव्हाचा, त्याच जातीच्या). त्या आधी उकडाव्या लागतात. तिसऱ्या पातळ पट्ट्यांच्या पाकिटावर ‘उकडायची गरज नाही’ असं लिहिलेलं असतं. सगळ्यात जास्त फसगत याच करतात, कारण गरज नाही ती फक्त उकडण्याची. पाणी त्यांनाही लागतंच, फक्त ते त्या सॉसमधून ओढून घेतात.

उकडायच्या पट्ट्यांसाठी मोठं पातेलं घ्या. १०० ग्रॅमला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. पाणी खळखळ उकळलं की एका वेळी चार-पाचच पट्ट्या, एकेक करून सोडा. पाण्यात तेल घालू नका. ते वर तरंगतं, पट्ट्या चिकटायच्या काही थांबत नाहीत, उलट काढताना त्यांच्यावर तेलाचा थर बसतो आणि सॉस निसटतो. पाकिटावरच्या वेळेच्या दोन-तीन मिनिटं आधी काढा, गार पाण्यात बुडवा आणि लगेच स्वच्छ सुती पंचावर एकेक वेगळी पसरा. एकीवर एक ठेवल्या तर पाच मिनिटांत त्यांचा गठ्ठा होतो, आणि तो सोडवताना निम्म्या फाटतात.

न उकडायच्या पट्ट्यांना सॉस सैल हवा. उकडलेल्या पट्ट्यांसाठी मी पांढऱ्या सॉसला १ लिटर दुधाला १०० ग्रॅम बटर आणि तेवढाच मैदा घेते. न उकडलेल्या असतील तेव्हा दोन्ही ६० ग्रॅमवर आणते आणि टोमॅटोच्या सॉसमध्येही वाटीभर गरम पाणी वाढवते. वर किसलेलं जायफळ, चिमूटभरच. बोलोन्यातल्या लझानियात मोझरेला किंवा रिकोटा चीज नसतं. मांसाचा रागू (मंद आचेवर शिजवलेला जाडसर सॉस), पांढरा सॉस आणि पार्मेजान चीज, एवढंच. घरी शाकाहारी मंडळी असली की मी अख्खा मसूर मऊ शिजवून गाजर-कांदा-सेलरीबरोबर तासभर मंद आचेवर ठेवते. रागूचा जाडसरपणा त्यात बऱ्यापैकी येतो.

ट्रेच्या तळाला आधी सॉस, मगच पट्टी. पट्ट्या एकमेकींवर चढवू नका आणि कडेला बोटभर जागा सोडा, कारण त्या फुगतात. प्रत्येक कोपरा सॉसखाली गेलाय ना, ते चमच्याच्या पाठीने चाचपून बघा. माझे पापड झालेले कोपरे असेच उघडे राहिले होते. १८० अंशांवर पहिली ३० मिनिटं झाकून, नंतर १५ मिनिटं न झाकता भाजा. छोट्या ओव्हनमध्ये वरची कॉइल जवळ असते, म्हणून ट्रे खालच्या जाळीवर ठेवा. मधोमध सुरी घालून बघा, अडखळता कामा नये. मग १५ मिनिटं हात लावू नका. तेवढ्या वेळात उरलेला रस पट्ट्यांत मुरतो आणि काप सरळ निघतात.

झाकण्याबद्दल एक महत्त्वाचं. स्टीलच्या ट्रेवर ॲल्युमिनियम फॉइल घालून उरलेला लझानिया रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला, तर जिथे फॉइल सॉसला टेकते तिथे तिला बारीक भोकं पडतात आणि खाली काळपट डाग दिसतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट-आंबट सॉस, म्हणजे एक छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजतं. मी आधी बटर पेपर घालते, वरून फॉइल. काचेचा ट्रे असला तरी टोमॅटोच्या आंबटपणामुळे बटर पेपर हवाच.

आता साठवण. सुक्या पट्ट्यांचा शत्रू म्हणजे पावसाळा. पाकीट उघडलं की उरलेल्या पट्ट्या घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून लांबच्या कपाटात. रव्याला होतात तसे किडे यांनाही होतात, म्हणून जूनमध्ये आणलेलं नवं पाकीट मी न उघडता चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवते. बाहेर काढल्यावर ते खोलीइतकं कोमट होईपर्यंत उघडायचं नाही, नाहीतर हवेतलं पाणी थेट पट्ट्यांवर जमतं.

उकडून उरलेल्या पट्ट्यांना मात्र तेलाचं बोट लावा. इथे ते उपयोगी आहे. मध्ये बटर पेपर घालून बंद डब्यात दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये टिकतात. जास्त दिवस हव्या असतील तर आधी ताटात सुट्या गोठवून मग पिशवीत भरा, दीड-दोन महिने चांगल्या राहतात. ताज्या अंड्याच्या पट्ट्या फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवशीच करड्या पडायला लागतात. त्या सरळ गोठवा आणि वितळू न देता तशाच उकळत्या पाण्यात सोडा. आपल्या हवेत त्या उघड्यावर वाळवायच्या भानगडीत पडू नका. भाजलेला लझानिया पूर्ण गार करून, काप करून गोठवा आणि गरम करताना प्रत्येक कापावर चमचाभर दूध घाला.

तुटलेल्या पट्ट्या टाकू नका. बोलोन्याच्या आजी वेड्यावाकड्या तुकड्यांना ‘मालतालियाती’ म्हणायच्या, म्हणजे वाईट कापलेले, आणि ते राजम्यासारख्या घेवड्याच्या सुपात घालायच्या. मी ते आमटीत घालते, चकोल्या करतो तशा. तुरीच्या डाळीची सैल आमटी, आमसूल, गूळ, गोडा मसाला. उकळी आली की सुक्या पट्ट्यांचे तुकडे टाकायचे आणि दहा-बारा मिनिटं ढवळत राहायचं. आमटी नेहमीपेक्षा दोन वाट्या पातळ ठेवा, तुकडे ती पिऊन घेतात. वर तूप, आणि गरम असतानाच वाढा.