स्कल्प्टिंगमध्ये चेहरा गाठीगाठींचा का होतो? नवशिक्यांनो, या चुका टाळा

संगणकावर थ्रीडी स्कल्प्टिंग करताना चेहरा बिघडू लागला की नवशिका आधी ब्रश बदलतो, मग नवे अल्फा (पोत उमटवणारे ठसे) शोधतो. दोष मात्र बहुतेक वेळा ब्रशचा नसतो. कवटी, जबडा आणि मान बसलेली नसतानाच मेश, म्हणजे मॉडेलच्या पृष्ठभागाची जाळी, दाट केलेला असतो आणि पापण्या कोरायला सुरुवात झालेली असते. पुढच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच सापडेल.

मेश फार लवकर दाट करणे

प्रत्येक सबडिव्हिजनला (जाळीच्या दर विभागणीला) पॉलिगॉन, म्हणजे जाळीचे चौकोन, चौपट होतात. 5,000 चौकोनांचा बेस पाचव्या पातळीला 51 लाखांच्या पुढे जातो. विरळ मेशमध्ये हाताची थरथर मावतच नाही. दाट मेश ती जशीच्या तशी टिपून ठेवतो. गाठी येतात त्या यामुळेच.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये डोकं साधारण 2 युनिट उंच असेल, तर व्हॉक्सेल रिमेश (सारख्या आकाराच्या घनांवरून जाळी नव्याने विणणे; आकडा म्हणजे घनाचा आकार) 0.1 पासून सुरू करा. या टप्प्यावर फक्त दोन ब्रश पुरतात: आकार ओढायला ग्रॅब आणि भर घालायला क्ले स्ट्रिप्स. ग्रॅबचा आकार डोक्याच्या रुंदीच्या निदान एक तृतीयांश ठेवा. समोरून, बाजूने, वरून आणि हनुवटीखालून आकार पटला की 0.05 वर या, मग 0.025 वर. आकडा निम्मा केला की पॉलिगॉन साधारण चौपट होतात, त्यामुळे एकदम खाली उडी मारू नका. झेडब्रश या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डायनामेशचं (तिथलं जाळी नव्याने विणायचं साधन) रिझोल्यूशन असंच टप्प्याटप्प्याने वाढवा.

रिमेश केल्यावर कानाला भोक पडलं, तर तिथली जाडी व्हॉक्सेलपेक्षा कमी आहे. कान निदान दोन-तीन व्हॉक्सेल जाड हवा. नाहीतर आकडा कमी करा. ब्रशचा ठसा लंबगोल उमटत असेल किंवा रिमेशची जाळी एका दिशेने ताणलेली दिसत असेल, तर ऑब्जेक्ट मोडमध्ये जाऊन कंट्रोल-ए दाबा आणि स्केल अप्लाय करा. ही तक्रार फार जणांची असते आणि उपाय दोन सेकंदांचा. कानाच्या पुढून ब्रश फिरवल्यावर मागची बाजूही हलत असेल, तर ब्लेंडरमध्ये ब्रशचा ‘फ्रंट फेसेस ओन्ली’ पर्याय आणि झेडब्रशमध्ये ‘बॅकफेस मास्क’ चालू करा.

स्मूदवर विसंबणे

स्मूद ब्रश प्रत्येक बिंदूला शेजाऱ्यांच्या सरासरीकडे ओढतो. उंचवटा खाली बसतो, खोलगट भाग भरून येतो, आणि दहा मिनिटांत नाकपुडी, ओठांची कड, पापणी सगळं विरघळलेल्या मेणासारखं दिसू लागतं. स्मूदची ताकद 0.2 ते 0.3 एवढीच ठेवा. मल्टिरेस (एकाच मेशच्या कमी-जास्त दाट पातळ्या) वापरत असाल तर दोन पातळ्या खाली उतरून तिथे हलका हात फिरवा. गाठी जातात, वरचे बारकावे बऱ्यापैकी टिकतात. गाल, कपाळ, नाकाची बाजू यांना स्मूदऐवजी स्क्रेप किंवा झेडब्रशमधला ट्रिम डायनॅमिक लावून स्पष्ट सपाट पृष्ठभाग काढा. हाडाचा भास त्यातूनच होतो.

डोळे, कान आणि मागचं डोकं

डोळे कवटीच्या निम्म्या उंचीवर असतात. केसांखालचा भाग लक्षात येत नाही म्हणून नवशिके ते वर नेतात आणि डोकं चपटं होतं. बाजूने पाहिलं तर डोक्याची खोली उंचीपेक्षा थोडीशीच कमी असते. मागची कवटी तासून टाकली की चेहरा मुखवटा वाटतो. कान त्या बाजूच्या दृश्यात मध्यरेषेच्या मागे, आणि उंचीला साधारण भुवईपासून नाकाच्या तळापर्यंत.

डोळा मेशवर कोरू नका. वेगळा गोल घ्या. मोठ्या माणसाचं बुबुळासकट नेत्रगोल सुमारे 24 मिमी असतं, म्हणजे 2 युनिटच्या डोक्याला अंदाजे 0.21 युनिट व्यास. पापणी या गोलावरून गुंडाळत न्या आणि तिच्या कडेला जाडी द्या. नुसती रेघ ओढली की डोळा चिकटवलेला दिसतो. बाहेरचा कोपरा आतल्या कोपऱ्यापेक्षा मागे असतो. ओठांचंही तसंच: ते दातांच्या कमानीवर बसतात, त्यामुळे तोंडाचे कोपरे मागे वळले पाहिजेत. हे समोरून कळत नाही, हनुवटीखालून लगेच कळतं.

कॅमेरा आणि प्रकाश

ब्लेंडरच्या व्ह्यूपोर्टची फोकल लेंग्थ मुळात 50 मिमी असते. चेहऱ्यासाठी ती 80 ते 100 करा. फोनने जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि कान मागे जातात. तोच फोटो रेफरन्स धरून प्रमाण घेतलं, तर चूक मॉडेलमध्ये उतरते. कॅव्हिटी (खाचा आणि कडा ठळक दाखवणारा डिस्प्ले पर्याय) बंद ठेवा, ती नसलेली खोली दाखवते. अधूनमधून फ्लॅट प्रकाशात पूर्ण काळा रंग देऊन फक्त बाह्याकृती तपासा.

हातपाय गोल नळ्यांसारखे

दोन्ही बाजूंचे फुगवटे एकाच उंचीवर आले की पाय निर्जीव दिसतो. पोटरीचा बाहेरचा फुगवटा वर, आतला खाली असतो. घोट्याला नेमकं उलट, आतलं हाड वर आणि बाहेरचं खाली. गळपट्टीचं हाड, कोपर, गुडघ्याची वाटी, कमरेच्या हाडाची पुढची टोकं या जागा आधी पक्क्या करा, स्नायू नंतर.

सिमेट्री

आरसा चुकीच्या जागी पडतोय? ब्लेंडरमध्ये सिमेट्रीची मध्यरेषा ऑब्जेक्टच्या ओरिजिनवरून (मूळबिंदूवरून) ठरते. तो सरकला असेल. तो मध्यावर आणून मग सिमेट्राइझ करा (एका बाजूची प्रत दुसरीवर उमटते), पण दिशा तपासून, कारण एक बाजू पुसली जाते. पोझ देण्यापर्यंत सिमेट्री चालूच राहू द्या.

त्वचेची छिद्रं सगळ्यात शेवटी, रिटोपॉलॉजी (मॉडेलवर नवी, नीटस जाळी बसवणे) झाल्यावर. एकच अल्फा सगळीकडे सारख्या ताकदीने फिरवू नका: नाक आणि गालाचा आतला भाग खरबरीत, पापणीखाली बारीक, आडव्या सुरकुत्या कपाळावर. झेडब्रशमध्ये प्रत्येक प्रकार वेगळ्या लेयरवर ठेवलात तर नंतर ताकद कमी-जास्त करता येते.