आंधळ्या माणसासोबत प्रकाशाकडे: योहानाच्या नवव्या अध्यायावर मनन कसे करावे

येशूच्या देवत्वावर मनन करायचे म्हटले की बहुतेक जण योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडतात आणि ‘प्रारंभी शब्द होता’ इथेच अडखळतात. बायबल अभ्यासाला नव्याने येणाऱ्यांना मी आधी नववा अध्याय वाचायला सांगते. येशू कोण, हे जन्मापासून आंधळ्या असलेल्या एका माणसाला कसकसे उमगत गेले, ते त्यात दिसते.

अध्याय ४१ वचनांचा आहे. एका बैठकीत वाचा, जमल्यास मोठ्याने. मग वही घ्या आणि हा माणूस येशूबद्दल काय काय बोलतो तेवढेच उतरवून काढा. अकराव्या वचनात येशू नावाचा एक मनुष्य, सतराव्यात संदेष्टा. तेहतिसाव्यात तो म्हणतो, हा देवापासून नसता तर याला काहीच करता आले नसते. अडतिसाव्यात तो ‘प्रभूजी, मी विश्वास ठेवतो’ म्हणतो आणि येशूला नमन करतो.

इथे घाई करू नका. मला अध्यायाचा प्राण इथेच वाटतो. प्रेषितांची कृत्ये १०:२५-२६ काढा: रोमी शताधिपती कर्नेल्य प्रेषित पेत्राच्या पाया पडतो तेव्हा पेत्र त्याला उठवतो, मीही मनुष्यच आहे म्हणतो. प्रकटीकरण २२:८-९ मध्ये देवदूतसुद्धा योहानाला थांबवून ‘देवाला नमन कर’ असे सांगतो. येशू मात्र या माणसाला अडवत नाही. का नाही? हा प्रश्न घेऊन शांत बसा. उत्तर लगेच लिहू नका.

आणखी एक गोष्ट मला फार धीर देते. येशूने सांगितल्याप्रमाणे शिलोह तळ्यात डोळे धुतल्यावर, सातव्या वचनातच, त्या आंधळ्याला दिसू लागते. पण येशू त्याला पुन्हा भेटतो तो पस्तिसाव्या वचनात. मधल्या काळात उलटतपासणी होते, आईबाप भीतीने हात झटकतात, त्याला बाहेर घालवले जाते. एवढे सगळे होत असताना त्याच्याजवळ एकच साक्ष असते: मी आंधळा होतो, आता मला दिसते. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर हेच वाक्य देवापुढे म्हणा.

आता मागे, ८:१२ कडे या: ‘मीच जगाचा प्रकाश आहे.’ आधीच्या अध्यायापासून मंडपांच्या सणाचा संदर्भ चालू आहे. त्या सणात मंदिराच्या स्त्रियांच्या अंगणात सोन्याचे मोठे दीपस्तंभ पेटवत, असे वर्णन मिश्ना या यहुद्यांच्या प्राचीन नियमसंग्रहात आहे. शिवाय ‘परमेश्वर माझा प्रकाश’ हे स्तोत्र २७ ऐकणाऱ्यांना ठाऊक होते. त्यांच्यापुढे स्वतःला प्रकाश म्हणणे हा केवढा मोठा दावा! इतके झाल्यावर पहिला अध्याय वाचा. इसवी सन ३२५ मध्ये निकिया येथे जमलेल्या बिशपांनी पुत्राला ‘प्रकाशापासून प्रकाश, खऱ्या देवापासून खरा देव’ असे का म्हटले, ते आता समजू लागेल.

मनन संपवण्याआधी एक काम उरते, आणि ते टाळावेसे वाटते. १ योहान १:५-९ वाचा आणि स्वतःची जी गोष्ट आपण देवापासूनही झाकून ठेवली आहे, ती एका ओळीत लिहा. नाव घेऊन कबूल करा, क्षमा मागा. ‘आम्हाला दिसते’ म्हणणाऱ्यांना येशू एकेचाळिसाव्या वचनात काय सांगतो, तेही त्याच वेळी वाचा.

दुसऱ्या दिवसासाठी मत्तय १७:१-८ आणि निर्गम ३४:२९-३५ एकत्र घ्या. मोशेचा चेहरा देवाशी बोलल्यामुळे तेजस्वी झाला होता. डोंगरावर येशूचे तेज कुठून आले, ते शोधा.